बोनी एम. : उसन्या चाली, उसना आवाज आणि श्रेयाचा प्रश्न

लोकप्रिय संगीताचा इतिहास लिहिताना अभ्यासकांचा ओढा स्वाभाविकपणेच नव्या रचना करणाऱ्या कलावंतांकडे असतो. दुसऱ्यांनी रचलेली आणि दुसऱ्यांनी आधी गायिलेली गीते पुन्हा गाऊन ज्यांनी कीर्ती मिळविली, त्यांचा उल्लेख बहुधा विक्रीच्या आकड्यांपुरता होतो व तेथेच संपतो. पश्चिम जर्मनीत १९७५ ते १९८६ या काळात कार्य करणारा 'बोनी एम.' हा नृत्यसंगीताचा समूह या उपेक्षेचे ठळक उदाहरण होय. युरोप, आशिया व आफ्रिका या तिन्ही खंडांत ज्याच्या तबकड्या घरोघर वाजल्या, त्या समूहाचा विचार गंभीर विवेचनात क्वचितच झालेला आढळतो.

या समूहावर दोन आक्षेप नेहमी घेतले जातात. पहिला असा की, त्याची बहुतेक गाजलेली गीते मुळात इतरांची आहेत. दुसरा असा की, त्याच्या ध्वनिमुद्रिकांवर ऐकू येणारे सर्वच आवाज रंगमंचावर दिसणाऱ्या व्यक्तींचे नाहीत. हे दोन आक्षेप सामान्यतः वेगवेगळे मांडले जातात. प्रस्तुत निबंधात असे प्रतिपादन करावयाचे आहे की, ती एकाच प्रश्नाची दोन अंगे आहेत. गीत कोणाचे आणि आवाज कोणाचा, या दोहोंच्या मुळाशी श्रेय कोणाला मिळते व कोणाला मिळत नाही हाच प्रश्न आहे. आणि त्याचे उत्तर समूहाच्या नीतिमत्तेपेक्षा ध्वनिमुद्रणव्यवसायाच्या घडणीत अधिक स्पष्टपणे सापडते.

१. संज्ञा व व्यवहार

इंग्रजीतील 'कव्हर' ही संज्ञा अमेरिकेतील ध्वनिमुद्रिकांच्या व्यापारात रूढ झाली. एका कंपनीची एखादी ध्वनिमुद्रिका खपू लागली की, दुसरी कंपनी तेच गीत आपल्या पदरच्या गायकाकडून गाऊन घेई आणि चालू मागणीतील आपला वाटा उचली. मराठीत या प्रकाराला 'पुनर्गायन' म्हणता येईल. मात्र पुनर्गायन म्हणजे केवळ पुन्हा गाणे नव्हे. त्यात ठेका बदलतो, वाद्यमेळ बदलतो, कित्येकदा शब्द बदलतात, आणि मुख्य म्हणजे श्रोतृवर्ग बदलतो.

या व्यवहाराला कायद्याचे अधिष्ठान होते. अमेरिकेच्या १९०९ च्या स्वामित्वहक्कविषयक कायद्याने अशी तरतूद केली की, रचनेच्या धन्याने एकदा तिचे यांत्रिक पुनरुत्पादन होऊ दिले म्हणजे पुढे कोणासही प्रत्येक प्रतीमागे दोन सेंट इतके ठरावीक शुल्क देऊन ती रचना मुद्रित करता यावी. हे शुल्क रचनाकाराचे. प्रथम गाणाऱ्याचा त्यावर काही अधिकार नाही, आणि वाद्यमेळाची मांडणी ज्याने बसविली त्याचाही नाही. १९५५ मध्ये लाव्हर्न बेकर या कृष्णवर्णीय गायिकेचे 'ट्वीडल डी' हे गीत जॉर्जिया गिब्ज या श्वेतवर्णीय गायिकेने मांडणीसकट उचलले आणि तिच्या ध्वनिमुद्रिकेने अधिक व्यापक बाजारपेठ काबीज केली. बेकर यांनी काँग्रेसच्या सदस्याकडे कायदा बदलण्याची मागणी केली. पण मांडणीस संरक्षण नसल्यामुळे त्यांच्या हाती काही लागले नाही. रचना, मांडणी व आवाज या तीन गोष्टी श्रोत्याला एकजीव भासतात, कायद्याला मात्र त्या विभक्त दिसतात, हे या प्रसंगावरून स्पष्ट होते.

मराठी वाचकाला परक्या चालीवर नवे पद रचण्याची प्रथा अपरिचित नाही. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'संगीत शाकुंतल' (१८८०) पासून नाट्यपदांच्या मुद्रित पुस्तकांत पदाच्या माथ्यावर 'चाल' म्हणून मूळ पदाचा निर्देश करण्याचा परिपाठ दिसतो. तो निर्देश गायकाच्या सोयीसाठी असे. पण त्यामुळे ऋणाची नोंदही आपोआप होत असे. तबकडीच्या मध्यभागी चिकटविलेल्या कागदावर अशी नोंद कोणाच्या नावाने होते, हेच पुढील विवेचनाचे सूत्र आहे.

२. निर्माता आणि समूहाची घडण

समूहाचा निर्माता फ्रांक फारियान याचे मूळ नाव फ्रान्त्स रॉयटर. त्याचा जन्म १८ जुलै १९४१ रोजी जर्मनीतील किर्न या गावी झाला. त्याने प्रथम आचाऱ्याच्या व्यवसायाचे शिक्षण घेतले व पुढे तो गायनाकडे वळला. गायक म्हणून त्याला मिळालेले सर्वांत मोठे यश म्हणजे १९७६ मध्ये जर्मनीत अग्रस्थानी पोचलेले 'रॉकी' हे गीत होय. तेही एका अमेरिकन गीताचे जर्मन रूपांतर होते. पुनर्गायन हा फारियानच्या दृष्टीने अपवाद नव्हता. जर्मन लोकप्रिय संगीतात परदेशी गीतांची रूपांतरे करण्याचा जो प्रघात होता, त्यातच तो वाढला होता.

तथापि स्वतःच्या नावावर तो जे गाई, त्याहून वेगळे, कृष्णवर्णीय अमेरिकन व कॅरिबियन वळणाचे नृत्यसंगीत करण्याची त्याला ओढ होती. १९७४ च्या अखेरीस त्याने 'बेबी डू यू वाना बंप' हे गीत मुद्रित केले. त्यातील खर्जातील पुरुषी आवाज त्याचाच आणि वरच्या पट्टीतील कृत्रिम बारीक आवाजही त्याचाच होता; ध्वनिपट्टीवर थर चढवून त्याने एकट्याने समूहाचा आभास निर्माण केला. या गीताचा पायाही उसनाच होता. जमैकाचा गायक प्रिन्स बस्टर याच्या 'अल कपोन' या १९६० नंतरच्या दशकातील रचनेवर ते आधारलेले होते. ऑस्ट्रेलियन दूरचित्रवाणीवरील एका गुप्तहेर-मालिकेचा नायक 'बोनी' याचे नाव घेऊन त्यापुढे 'एम' हे अक्षर जोडण्यात आले व १९७५ मध्ये तबकडी प्रसिद्ध झाली.

नेदरलँड्स व बेल्जियम या देशांत ती खपू लागली, तेव्हा दूरचित्रवाणीवर व नृत्यगृहांत समूहाच्या प्रत्यक्ष दर्शनाची मागणी झाली. समूह तर अस्तित्वातच नव्हता. येथे घटनांचा क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. आधी आवाज, मग नाव आणि शेवटी माणसे, असा हा उलटा जन्म आहे. प्रारंभी काही व्यक्ती आल्या व गेल्या. १९७६ च्या पूर्वार्धात क्लॉडिया बॅरी हिच्या जागी लिझ मिचेल आल्यावर चौघांचा संच स्थिर झाला.

या चौघांचे पूर्ववृत्त अर्थपूर्ण आहे. लिझ मिचेल व मार्शिया बॅरेट या दोघी जमैकात जन्मलेल्या आणि लहानपणी इंग्लंडला आलेल्या होत्या. मेझी विल्यम्स मॉन्तसेरात बेटावर जन्मून बर्मिंगहॅममध्ये वाढलेली. बॉबी फॅरेल अरूबा बेटाचा. तो किशोरवयातच घर सोडून समुद्रावर गेला आणि नेदरलँड्समार्गे जर्मनीत पोचून नर्तक झाला. मिचेल यांनी त्यापूर्वी जर्मनीतील 'लेस हम्फ्रीज सिंगर्स' या मोठ्या गायकवृंदात काम केले होते. तात्पर्य, जर्मन निर्मात्याने कल्पिलेल्या कॅरिबियन समूहात अखेर जी माणसे आली, ती खरोखरीच कॅरिबियन बेटांतून देशांतर केलेली होती. या योगायोगाचे महत्त्व पुढे दिसून येईल.

३. उसन्या चालींचे तीन वर्ग

१९७६ मध्ये 'डॅडी कूल' या गीताने समूहाला युरोपभर प्रसिद्धी मिळाली. ते नवीन रचलेले गीत होते. परंतु त्याच वर्षीच्या 'टेक द हीट ऑफ मी' या पहिल्या संग्रहात बॉबी हेब यांचे 'सनी', बॉब मार्ली यांच्या ध्वनिमुद्रणाने गाजलेले 'नो वूमन नो क्राय' आणि 'फीव्हर' ही जुनी गीते होती. १९७७ च्या 'लव्ह फॉर सेल' या संग्रहाचे शीर्षकगीत कोल पोर्टर यांचे १९३० मधील होते. त्यातच यार्डबर्ड्स, क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हल या समूहांची गीते आणि गुलामीच्या काळातील एक कृष्णवर्णीय भक्तिगीत यांचा समावेश होता. या सर्व उसन्या सामग्रीचे तीन वर्ग पाडता येतात.

पहिला वर्ग ज्ञात रचनाकारांच्या प्रसिद्ध गीतांचा. 'सनी' हे त्याचे उत्तम उदाहरण होय. १९६३ च्या नोव्हेंबरात राष्ट्राध्यक्ष केनेडी यांची हत्या झाली आणि त्याच सुमारास हेब यांचा भाऊ नॅशव्हिलमध्ये मारला गेला. त्या दुःखाच्या छायेत हे प्रसन्न गीत लिहिले गेले. १९६६ मध्ये हेब यांची ध्वनिमुद्रिका अमेरिकेत दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोचली. फारियान व त्याचे मांडणीकार यांनी ते घेताना लय दृढ केली, मोठ्या ढोलाचा ठोका चारही मात्रांवर सारखा ठेवला, तंतुवाद्यांच्या झपाट्याने दर कडव्याची उठावणी केली आणि एकल गायनाला स्त्रीस्वरांच्या मेळाची जोड दिली. दुःखाला आवर घालणारे एका माणसाचे मनोगत अशा रीतीने समूहाच्या आनंदाचे घोषगीत बनले. हेब यांचे नाव रचनाकार म्हणून कायम राहिले व त्यांचे शुल्क त्यांना मिळण्याची व्यवस्था राहिली. या वर्गात ऋण स्पष्टपणे नोंदले जाते.

दुसरा वर्ग अल्पपरिचित गीतांचा. 'द क्रिएशन' या इंग्रज समूहाचे 'पेंटर मॅन' हे एडी फिलिप्स व केनी पिकेट यांचे गीत १९६६ मध्ये ब्रिटनच्या क्रमवारीत ३६ व्या स्थानापलीकडे गेले नव्हते. १९७९ मध्ये बोनी एम.च्या गायनाने ते १० व्या स्थानी पोचले. त्याच वर्षीचे 'गॉटा गो होम' हे 'नाइटट्रेन' या जर्मन समूहाच्या 'हालो बिमेलबान' (१९७३) या छोट्या आगगाडीवरील गीतावर आधारलेले आहे; मूळ रचनाकार हूथ बंधू यांची नावे नव्या गीताच्या श्रेयात आढळतात. विस्मृतीत गेलेल्या गीताला पुनर्गायन दुसरा जन्म देते, ते असे.

तिसरा वर्ग निनावी लोकगीतांचा, आणि विवाद्य तो हाच. १९७७ चे 'मा बेकर' हे अमेरिकन गुन्हेगार-मातेवरील गीत ट्युनिशियातील 'सीदी मन्सूर' या लोकगीताच्या चालीवर रचलेले आहे. 'हुरे! हुरे! इट्स अ होलि-हॉलिडे' (१९७९) याच्या मुळाशी 'पॉली वॉली डूडल' हे जुने अमेरिकन गीत आहे. १९७८ च्या 'रास्पुतिन' मधील चालीचे तुर्की लोकगीत 'क्यातिबिम' याच्याशी असलेले साम्य ऐकणाऱ्याच्या सहज लक्षात येते. लोकगीताला धनी नसल्यामुळे शुल्क मागणारा कोणी नसतो. एवढेच नव्हे तर जो त्याला नवे शब्द देतो किंवा नवी मांडणी करतो, तो नव्या रचनेचा धनी म्हणून नोंदला जातो. ज्या गीताचा कर्ता ज्ञात, त्याचे ऋण फेडले जाते. ज्याचा कर्ता संपूर्ण समाज, त्याचे ऋण मात्र मिळकतीत रूपांतरित होते. पुनर्गायनाच्या अर्थव्यवहारातील ही विषमता आहे, आणि ती एकट्या फारियानने निर्माण केलेली नाही.

४. १९७८ ची तबकडी

१९७८ च्या वसंतात प्रसिद्ध झालेल्या एका तबकडीच्या दोन बाजूंवर हा सर्व इतिहास एकत्र आलेला दिसतो. पहिल्या बाजूवर 'रिव्हर्स ऑफ बॅबिलन' आणि दुसरीवर 'ब्राउन गर्ल इन द रिंग' ही गीते होती. ब्रिटनमध्ये पहिले गीत पाच आठवडे अग्रस्थानी राहिले. ते खाली उतरू लागल्यावर नभोवाणीवर दुसरी बाजू वाजू लागली आणि तीच तबकडी पुन्हा दुसऱ्या स्थानापर्यंत चढली. एकूण चाळीस आठवडे ती क्रमवारीत होती, आणि त्या देशात तिच्या सुमारे वीस लाख प्रती खपल्या. अमेरिकेत मात्र ती ३० व्या स्थानावर थांबली. समूहाचे यश मुख्यत्वे अमेरिकेबाहेरचे होते.

'रिव्हर्स ऑफ बॅबिलन' हे गीत जमैकातील 'मेलोडियन्स' या त्रयीतील ब्रेंट डाउ व ट्रेव्हर मॅकनॉटन यांनी रचले आणि लेस्ली काँग यांच्या निर्मितीत १९७० मध्ये ते मुद्रित झाले. त्याचे शब्द बायबलातील स्तोत्रसंहितेच्या १३७ व्या आणि १९ व्या स्तोत्रांवर आधारलेले आहेत. १३७ वे स्तोत्र यरुशलेमच्या पाडावानंतर बाबेलात नेलेल्या यहुदी लोकांचा विलाप आहे. जेत्यांनी बंदिवानांना गाणे म्हणण्याची आज्ञा करावी आणि परक्या भूमीत आपले पवित्र गीत कसे गावे या विचाराने बंदिवानांनी व्याकूळ व्हावे, हा त्याचा आशय. जमैकातील रास्ताफारी पंथाने हा आशय आपलासा केला. त्यांच्या भाषेत 'बॅबिलन' म्हणजे कृष्णवर्णीयांना आफ्रिकेतून ओढून आणणारी व अद्याप दडपणारी सत्ता. म्हणून मेलोडियन्सनी परमेश्वराच्या जागी 'किंग अल्फा' व 'फार-आय' ही संबोधने घातली. ती दोन्ही इथिओपियाचा सम्राट हैले सेलासी याची वाचक आहेत. डाउ यांच्या सांगण्यानुसार हे पंथीय उल्लेख प्रक्षोभक मानून जमैकाच्या सरकारने आरंभी गीतावर बंदी घातली होती. बायबलाच्या शब्दांवर बंदी घालता कशी, असा सवाल काँग यांनी केल्यावर ती उठली.

बोनी एम.च्या गायनात ही दोन्ही संबोधने नाहीत. त्यांच्या जागी पुन्हा ख्रिस्ती श्रोत्याच्या ओळखीचे 'प्रभू' हे संबोधन आले आणि दुसऱ्या ठिकाणी एक सर्वसाधारण शब्दप्रयोग घालण्यात आला. दोन शब्दांच्या या बदलाने गीताचा इतिहास उलट फिरला. यहुदी स्तोत्राला रास्ताफारींनी जो राजकीय अर्थ दिला होता, तो पुसला गेला आणि गीत पुन्हा सर्वांचे, म्हणजे कोणाचेच नसलेले झाले. त्यातच ठेका प्रसन्न, स्वरमेळ उजळ, आणि नृत्यगृहात पाय थिरकावे अशी चाल. बंदिवानांचा विलाप आनंदाने नाचत गायिला जावा, हा विरोधाभास टीकाकारांच्या नजरेतून सुटलेला नाही, आणि तो खराही आहे.

परंतु एवढ्यावर निर्णय देणे घाईचे ठरेल. मूळ स्तोत्रातही परक्या भूमीत परक्यांच्या आज्ञेवरून गाण्याचाच प्रसंग आहे. जमैकात जन्मून इंग्लंडमार्गे जर्मनीत आलेल्या दोन स्त्रिया जर्मन निर्मात्याच्या योजनेनुसार जमैकाचेच गीत गातात, तेव्हा शब्द पुसले गेले तरी प्रसंग पुसला जात नाही. मिचेल यांच्या आवाजातील शब्दोच्चार कॅरिबियन आहे, आणि गीताच्या आरंभीचा शब्दहीन मेळ भजनगृहाच्या वळणाचा आहे. निर्मात्याने जो अर्थ काढून टाकला, त्याचा काही भाग गाणारीच्या स्वरात शिल्लक राहिला, असे म्हणण्यास जागा आहे.

दुसऱ्या बाजूचे गीत याहून बोलके आहे. 'ब्राउन गर्ल इन द रिंग' हे कॅरिबियन बेटांवरील मुलांच्या खेळाचे गीत. मुले हात धरून रिंगण करतात, मध्ये एक मुलगी उभी राहते, आपली एखादी हालचाल करून दाखविते, आणि मग जोडीदार निवडते. १९६२ मध्ये ॲलन लोमॅक्स यांनी पूर्व कॅरिबियन बेटांवर केलेल्या ध्वनिसंकलनात अशी अनेक खेळगीते मिळाली, आणि त्यांच्या संग्रहाला पुढे याच गीताचे नाव देण्यात आले. लिझ मिचेल यांनी हे गीत बोनी एम.च्या आधी, १९७५ मध्ये, 'माल्कम्स लॉक्स' या समूहाबरोबर मुद्रित केले होते. ते गीत समूहात त्यांच्यामार्फत आले, हे उघड आहे. तबकडीवर मात्र ते पारंपरिक गीत म्हणून फारियानच्या मांडणीच्या श्रेयासह नोंदले गेले. आधीच्या मुद्रणाचे मांडणीकार पेटर हर्बोल्झहायमर यांनी आपली मांडणी उचलली गेल्याचा दावा केला आणि जर्मन न्यायालयांत तो वाद वीस वर्षांहून अधिक काळ चालला. ज्या गायिकेने गीत आणले, जिने ते गायिले, तिचे नाव रचनेच्या किंवा मांडणीच्या श्रेयात नाही; आणि वाद झाला तो दोन मांडणीकारांमध्ये.

पहिल्या बाजूच्या श्रेयाची कथाही याला पूरक आहे. आरंभीच्या काही प्रतींवर केवळ डाउ व मॅकनॉटन यांची नावे होती; पुढे त्यांच्या जोडीला फारियान आणि त्याचा सहकारी हान्स-यॉर्ग मायर, म्हणजेच 'रेयाम', ही नावे आली. त्याच वर्षाच्या नाताळात समूहाने 'मेरीज बॉय चाइल्ड' हे जेस्टर हेअरस्टन यांचे गीत गायिले. १९५७ च्या नाताळात हॅरी बेलाफाँटे यांच्या आवाजात ते ब्रिटनमध्ये अग्रस्थानी होते. १९७८ च्या नाताळात बोनी एम.ने त्याच स्थानी ते पुन्हा नेले व अठरा लाखांहून अधिक प्रती खपल्या. या वेळी जुन्या गीताला 'ओ माय लॉर्ड' हा नवा भाग जोडण्यात आला, आणि त्या भागाबरोबर फारियान व गीतकार फ्रेड जे यांची नावेही श्रेयात जोडली गेली. जुन्या वस्तूत थोडी भर घालून मालकीत वाटेकरी होण्याची ही रीत बेकायदा नव्हती. पण तिची पुनरावृत्ती पाहता ती केवळ कलात्मक गरजेतून आली असे म्हणता येत नाही.

५. आवाज कोणाचा

गीतांच्या मालकीप्रमाणेच आवाजाच्या मालकीचा प्रश्नही याच वर्षी उघड झाला. ध्वनिमुद्रिकांवर लिझ मिचेल, मार्शिया बॅरेट आणि स्वतः फारियान यांचेच आवाज असल्याचे त्याने १९७८ मध्ये मान्य केले. फॅरेल यांच्या ओठांवर दिसणारा खर्जातील आवाज फारियानचा होता. विल्यम्स यांचा सहभाग दर्शनी व नृत्यापुरता होता. रंगमंचावरील प्रत्यक्ष कार्यक्रमांत मात्र चौघेही गात. १९७८ च्या डिसेंबरात समूहाने मॉस्कोत दहा कार्यक्रम केले. पाश्चात्त्य नृत्यसमूहाला मिळालेला तो दुर्मिळ मान होता. 'रास्पुतिन' हे गीत तेवढे कार्यक्रमातून वगळावे लागले.

आश्चर्य असे की, या कबुलीने समूहाची लोकप्रियता ढासळली नाही. याची कारणे दोन दिसतात. एक, डिस्को संगीतात नृत्याला व दर्शनाला गायनाइतकेच स्थान असल्यामुळे फॅरेल यांची कला खोटी ठरत नव्हती. भारतीय चित्रपटात पार्श्वगायन सर्वमान्य झाले, तेही गाणारा व दिसणारा यांच्या कामाची विभागणी प्रेक्षकाला ठाऊक असल्यामुळेच. दुसरे, ज्या दोघी प्रमुख आवाज देत होत्या, त्या खरोखरच समोर उभ्या होत्या. फसवणूक अर्धीच होती, आणि अर्धे सत्य तिला सावरून धरत होते.

हा आधार नाहीसा झाला की काय होते, हे फारियानच्याच पुढील उद्योगाने दाखविले. १९८८ मध्ये त्याने 'मिली व्हॅनिली' ही जोडी पुढे आणली. तिचे पहिले यशस्वी गीत 'गर्ल यू नो इट्स ट्रू' हेही 'न्यूमार्क्स' या अमेरिकन समूहाच्या गीताचे पुनर्गायन होते. जोडीतील रॉब पिलाटस व फॅब मॉर्व्हन यांपैकी कोणीही मुद्रणात गायिले नव्हते. १९९० च्या फेब्रुवारीत त्यांना नवोदित कलावंताचा ग्रॅमी पुरस्कार मिळाला. नोव्हेंबरात फारियानने सत्य जाहीर केले व पुरस्कार काढून घेण्यात आला. लोकक्षोभाचा सारा भार त्या दोन तरुणांवर पडला. गीत दुसऱ्याचे होते याबद्दल कोणीही तक्रार केली नाही. आवाज दुसऱ्याचा होता याबद्दल मात्र संताप उसळला. श्रोत्यांच्या नैतिक जाणिवेत रचनेपेक्षा आवाजाला अधिक पवित्र मानले जाते, असा याचा अर्थ होतो.

६. उतार आणि उत्तरकाल

१९८० नंतर डिस्कोची लाट ओसरली. १९८१ मध्ये फॅरेल समूहाबाहेर पडले व पुढील वर्षी रेगी त्सिबो त्यांच्या जागी आले. १९८४ चे 'कलिम्बा दे लुना' हे इटालियन संगीतकार तोनी एस्पोसितो यांच्या त्याच काळातील गाजत्या गीताचे तत्काळ केलेले पुनर्गायन होते. येथे पद्धतीतील बदल डोळ्यांत भरतो. पूर्वी समूह दहा-वीस वर्षांपूर्वीची किंवा दूरदेशीची गीते नव्या श्रोत्यांकडे नेत होता. आता तो चालू मोसमातील यशाची त्वरित प्रत काढू लागला. अंतर संपले तसे पुनर्गायनाचे प्रयोजनही संपले. १९८६ मध्ये समूह विसर्जित झाला. त्यानंतर निरनिराळ्या सदस्यांनी निरनिराळे संच घेऊन तेच नाव चालविले व नावाच्या हक्कावरून वाद झाले. माणसांच्या आधी जन्मलेले नाव माणसांच्या नंतरही तंट्याचा विषय राहिले. फॅरेल यांचे ३० डिसेंबर २०१० रोजी सेंट पीटर्सबर्ग येथे दौऱ्यावर असताना निधन झाले, आणि फारियान २३ जानेवारी २०२४ रोजी मायामी येथे निवर्तला.

दरम्यान ज्या समूहाने आयुष्यभर उसनवारी केली, तोच इतरांचा सावकार झाला होता. 'गॉटा गो होम' मधील एक तुकडा घेऊन 'डक सॉस' या जोडीने २०१० मध्ये 'बार्ब्रा स्ट्रायसँड' हे नृत्यगीत केले. १९७३ चे आगगाडीचे जर्मन गीत अशा रीतीने तिसऱ्या पिढीत पोचले. २०२१ मध्ये 'रास्पुतिन' च्या नव्या नृत्यरूपाने ते गीत ब्रिटनच्या क्रमवारीत पुन्हा आणले.

७. निष्कर्ष

वरील विवेचनातून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली अशी की, पुनर्गायनाचे मूल्य मूळ गीत व नवा श्रोता यांमधील अंतरावर अवलंबून असते, बोनी एम.चे उत्तम कार्य त्या अंतराच्या काळातील आहे. दुसरी अशी की, ज्ञात कर्त्याचे ऋण नोंदणारी व्यवस्था निनावी परंपरेचे ऋण नोंदत नाही. त्यामुळे रिंगणातील मुलांचे गीत किंवा ट्युनिशियातील लोकगीत ज्याच्या हाती मुद्रणाचे साधन, त्याच्या खाती जमा होते. तिसरी अशी की, आवाजाच्या बाबतीत जी नजर श्रोत्यांनी १९९० मध्ये दाखविली, ती रचनेच्या बाबतीत त्यांनी कधीच दाखविली नाही.

समूहाच्या कारकिर्दीत आज टिकून राहिलेली गीते पाहिली, तर त्यांत १९७८ च्या त्या तबकडीचे स्थान वेगळे आहे. तिच्यावरील दोन्ही गीते उसनी आहेत, आणि तरीही ती गाणाऱ्या स्त्रियांना परकी नाहीत. बाजारासाठी योजिलेल्या उसनवारीत येथे गीत आपल्या प्रदेशातून आलेल्या कंठांपाशी परत आले. त्या कंठांना रचनेचे नव्हे, तरी निदान आगमनाचे श्रेय देणे, म्हणजे कोणते गीत कोणामार्फत आले याची नोंद ठेवणे, हे लोकप्रिय संगीताच्या इतिहासकाराचे काम आहे. तबकडीवरील कागद ते करीत नाही.